दुसरे बाळ गंगाधर

रत्नागिरीने देशाला दोन बाळ गंगाधर दिले. पहिले १८५६ साली जन्मले. त्यांच्याविषयी मी इथे काही सांगू लागलो, तर घरातला शाळकरी मुलगासुद्धा 'हे आम्हांला पाठ आहे' म्हणून पान उलटील. दुसरे बाळ गंगाधर त्यानंतर बत्तीस वर्षांनी, २४ ऑगस्ट १८८८ रोजी, याच गावात जन्मले. त्यांचे आडनाव खेर. मुंबई इलाख्याचा कारभार त्यांनी एकदा नव्हे, दोनदा हाकला. मुंबईकर मंडळी वांद्र्याच्या खेरवाडीत उतरतात, मलबार हिलवर बाळ गंगाधर खेर मार्गाने हँगिंग गार्डनला फिरायला जातात, आणि त्यांतले निम्मे लोक हा रस्ता टिळकांचाच असावा अशा समजुतीत शेंगदाणे खात परत येतात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी रत्नागिरीला गेलो होतो. कोकण रेल्वेने पहाटे स्टेशनवर सोडले. गावात जायला रिक्षा केली आणि मास्तरकीच्या सवयीने रिक्षावाल्याची परीक्षा घेतली.

"बाळ गंगाधर खेरांचे नाव ऐकलेत का हो?"

"बाळ गंगाधर ना? टिळक आळी. चला, सोडतो."

"टिळक नव्हेत. खेर. पूर्वी मुंबईचे मुख्यमंत्री होते ते."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. रात्रीच्या गाडीने झोप नीट झाली नसावी, असे त्याला वाटले असणार. "सायेब, टिळकांचं घर बघा, थिबा राजाचा राजवाडा बघा, पतितपावन मंदिर बघा, संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जावा. बाकी खेरबीर ते तुम्ही वाचनालयात विचारा."

सल्ला चुकीचा नव्हता. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालापासूनचे. पण मी खेरांसाठी आलोच नव्हतो. मी आलो होतो एका गडग्यासाठी.

*

गडगा म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. जांभ्या दगडाचे चिरे किंवा धोंडे नुसते एकावर एक रचून केलेले कुंपण म्हणजे गडगा. चुना नाही, सिमेंट नाही. असे असून तो तीन-तीन पिढ्या हलत नाही. कोकणी माणसाचा स्वभाव आणि कोकणी माणसाचा गडगा यांत विशेष फरक नाही.

माझे आजोळ रत्नागिरीपासून तासाभराच्या वाटेवर आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण मामांना आवडणार नाही. मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या घराच्या खालच्या अंगाला खळे आहे, खळ्याच्या कडेने गडगा आहे, आणि गडग्यापलीकडे एका शेतकऱ्याचे घर आहे. या शेजाऱ्याच्या घरी मोटार जाईल अशी वाट नाही. आहे ती पाखाडी, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची दगडी पाऊलवाट. त्याच्या आईला त्या पावसाळ्यात रात्री छातीत दुखू लागले, तेव्हा चौघांनी तिला खुर्चीत बसवून, वर ताडपत्री धरून, निसरड्या पाखाडीवरून सडकेपर्यंत नेले. म्हातारी वाचली, पण त्या रात्रीपासून शेजाऱ्याचे एकच मागणे होते. गडगा बारा फूट उघडावा आणि खळ्याच्या कडेने वाट द्यावी. जमिनीचे पैसे तो द्यायला तयार होता.

जागेच्या सातबाऱ्यावर मामांच्या जोडीने माझ्या आईचे नाव आहे. आईने मला मुखत्यारपत्र देऊन धाडले होते आणि वर बजावले होते, "माझी सही काय, मी इथून दिली. पण दादाला राजी करायला तूच जा. तू शिकवतोस ना मुलांना? मग त्यालाही शिकव."

मामांना शिकवणे सोपे नव्हते. ओटीवर चहाची कपबशी ठेवून त्यांनी विषयाला तोंड फुटायच्या आतच निकाल देऊन टाकला.

"खेरानं दिलं तेवढं पुरे झालं त्यांना. आता माझं खळं नको."

लहानपणापासून मी त्या घरात हे नाव ऐकत आलो आहे. पुढे इतिहासाच्या पुस्तकांत वाचले, की या गृहस्थांना त्यांचे विरोधकसुद्धा सज्जन म्हणत. माझ्या आजोळी मात्र 'खेर' हा शब्द, घरात वाळवी लागली म्हणजे जसा काढतात, तशा सुरात काढला जाई. 'खेरानं घर बुडवलं.' सज्जन माणसाने आमचे घर कसे काय बुडवले, हे कोडे मला तेव्हापासून पडलेले होते. ते सोडवल्याशिवाय गडगा हलणार नाही, असे मला त्या सकाळी ओटीवर बसल्या बसल्या दिसू लागले.

*

माझे आजोबा खोत होते. खोत हा शब्द श्री. ना. पेंडशांच्या कादंबऱ्यांमुळे पुण्यामुंबईच्या वाचकाला ठाऊक आहे. पण खोती म्हणजे नेमके काय, ते बहुधा ठाऊक नसते. देशावर शेतकरी आपला सारा सरळ सरकारात भरी. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत सरकार आणि शेतकरी यांच्या मध्ये खोत बसलेला असे. गावाचा सारा सरकारला भरण्याची जबाबदारी त्याची. आणि तो भरून कुळांकडून आपला हिस्सा वसूल करण्याचा हक्कही त्याचा. हा हक्क वंशपरंपरेने चाले. इंग्रजांनी १८८० साली खास कायदा करून त्याला चौकट घालून दिली.

पीक निघाले की कुळाने खोताच्या खळ्यात भात आणून घालायचे. कुठे अर्धेल, म्हणजे निम्मे. कुठे तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. वर वेठ. खोताच्या घराची शाकारणी असो, की खोतीणबाईंची माहेरची पालखी असो, कुळाने हातचे काम टाकून यायचे. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते. कुळे बहुतेक कुणबी आणि महार. माझ्या आजोबांनी कधी कुणावर हात उगारला नाही असे आई सांगते, आणि मी ते खरे मानतो. पण ज्या व्यवस्थेत हात उगारावाच लागत नाही, तिचा जोर हाताच्या जोरापेक्षा मोठा असतो.

दिवाळी ही कोकणात भातकापणीच्या दिवसांत येते. त्यामुळे मामांच्या लहानपणची दिवाळी म्हणजे पणत्या नव्हेत, फटाकेही नव्हेत. भाताने भरलेले खळे. "पाच वर्षांचा होतो," ते सांगतात, "भाताच्या राशीवरनं घसरगुंडी करायचो. आई ओरडायची, खाज येईल म्हणून." एवढे सांगताना त्यांचा आवाज मऊ होतो. त्यांच्या जागी मी असतो तर माझाही झाला असता.

*

आता खेरांकडे येऊ. रत्नागिरीत जन्मलेल्या या मुलाचे शिक्षण बाहेर झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून ते १९०८ साली पदवीधर झाले. संस्कृत उत्तम, त्यासाठी भाऊ दाजींच्या नावाचे पारितोषिक मिळवलेले. पुढे कायदा शिकले आणि १९१८ साली भागीदारीत सॉलिसिटरची पेढी काढली. ती चांगली चालली. एवढ्यावर थांबते, तर मुंबईतल्या एका सुखवस्तू, सुसंस्कृत कोकणस्थ-कऱ्हाडे मंडळींच्या वर्तुळात त्यांचे आयुष्य आरामात गेले असते. पण १९२२-२३ च्या सुमारास ते स्वराज्य पक्षाच्या कामात पडले, आणि १९३०, १९३२, १९४० व १९४२ अशा खेपा तुरुंगाच्या झाल्या.

मध्ये आले १९३७ साल. नव्या कायद्याने प्रांतांना स्वतःचे मंत्रिमंडळ मिळाले होते. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोकच निवडतात, आणि तिथले कित्येक पुढारी आधी गव्हर्नर होऊन मग सेनेटर म्हणून राजधानीला जातात. आपल्याकडची तऱ्हा निराळी होती. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न लंडनहून नेमून आलेले. आणि त्यांच्यासमोर बसणार होता लोकांनी निवडलेला पंतप्रधान. प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. विधानसभेच्या १७५ जागांत काँग्रेसचा पक्ष सर्वांत मोठा ठरला होता. नेतेपद मुंबईचे लोकप्रिय पुढारी वीर नरिमन यांच्याकडे जाणार, असे पुष्कळांना वाटत होते. निवड झाली ती खेरांची. त्यावरून मोठा वाद माजला, सरदार पटेलांवर ठपका ठेवला गेला, चौकशी झाली. ते सगळे इथे नको. जुलै १९३७ मध्ये मुंबई इलाख्याच्या गादीवर रत्नागिरीत जन्मलेला माणूस बसला, एवढे आपल्या गोष्टीला पुरे.

ही बातमी पोचली तेव्हा माझ्या आजोबांनी गावात पेढे वाटले. आजी ते सांगत असे. आजोबांचे म्हणणे सरळ होते. 'रत्नागिरीचा माणूस आहे, आपल्यातला आहे. आपले घर राखील.'

गडग्यापलीकडच्या घरातही तीच बातमी पोचली होती. तिथे पेढे वाटले नाहीत. तिथला हिशेबही सरळच होता. 'त्यांच्यातला आहे. त्यांचेच घर राखील.'

दोन्ही घरांचा अंदाज एकच होता. म्हणजे दोन्ही घरे एकदमच चुकणार होती, हे त्या वेळी कुणाला कळणार?

*

हे पलीकडच्या घरचे मला शेजाऱ्याने सांगितले. मामांची दुपारची झोप लागल्यावर मी गडगा ओलांडून त्याच्याकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, अंगणात भाताचे भारे पडलेले, मागे हापूसची कलमे. माझ्या आईच्या वयाची त्याची आई पडवीत पाय पसरून सुपारी कातरत बसली होती. तिने मला जवळ बोलावून, तोंडावरून हात फिरवून, "मावशीवर गेलायस," असा निर्वाळा दिला. मला मावशी नाही, पण मी 'हो' म्हणालो.

"आमचा आजा गेलेला म्हमईला," शेजारी म्हणाला. "मोर्चाला. बोटीनं गेला. बोटीचं भाडं काढायला आजीची पुतळी मोडलेली."

मोर्चा म्हणजे १० जानेवारी १९३८ चा. त्याची हकीकत अशी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. त्यांचे काही बालपण दापोलीत गेलेले. खोती म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून ते विधानसभेत निवडून आले होते, आणि खेर मंत्रिमंडळाला दोन महिने होतात न होतात तोच, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यामागे चार महिन्यांनी शेतकरीच मुंबईत आले. रत्नागिरी, कुलाबा, ठाणे, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांतून वीस हजारांच्या घरात माणसे जमली आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला. खलाशांच्या जुन्या वसतिगृहाची ती इमारत. आज तिथे राज्याच्या पोलिसांचे मुख्यालय आहे. शिष्टमंडळाने आत जाऊन पंतप्रधानांपुढे मागण्या ठेवल्या.

तो क्षण मला डोळ्यांपुढे आणावासा वाटतो. मेजाच्या एका बाजूला रत्नागिरीत जन्मलेले, संस्कृतज्ञ, मृदू बोलणारे, तुरुंग भोगून आलेले खेर. दुसऱ्या बाजूला त्याच जिल्ह्याच्या मातीतले, त्यांच्याहून कितीतरी कठीण वाटेने आलेले आंबेडकर. आणि बाहेर रस्त्यावर, उन्हात, बोटीतून उतरलेला, पुतळी मोडून आलेला एक कूळ.

खेरांनी ऐकून घेतले. पण विधेयक पुढे सरकले नाही. काँग्रेसचा मार्ग सबुरीचा होता. बारडोलीच्या शेतकऱ्यांच्या जप्त जमिनी त्यांना परत देण्याचे काम याच मंत्रिमंडळाने केले, १९३९ साली कुळांसाठी एक कायदाही केला. खोतीला मात्र हात लागला नाही. कामगारांशीही या सरकारचे पटले नाही. औद्योगिक कलहाच्या कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला, त्यातही आंबेडकर पुढे होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले म्हणून, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि खेर पायउतार झाले.

"आजा परत आला," शेजारी म्हणाला, "तेव्हा खोतांनी विचारलंनी, काय रे, भेटला का तुझा पंतप्रधान? आजा बोलला, भेटला नाय, पण दारात जाऊन आलो." तो थोडा थांबला. "आमच्या घरात हे अजून बोलतात. कुणी कामाला घाबरला की बोलतात, जा, दारात तरी जाऊन ये."

*

संध्याकाळी मामा उठून ओटीवर बसले. थिबा राजा रत्नागिरीत तीस वर्षे कैदेत होता. ब्रह्मदेशाचे राज्य १८८५ साली गेले, आणि तो इथे खाडीकडे तोंड करून १९१६ पर्यंत, मरेपर्यंत, राहिला. ओटीवरून खळ्याकडे बघत बसलेले मामा पाहिले, की मला उगाच तो राजा आठवतो. फरक एवढाच की थिबाला इंग्रजांनी तीन मजली राजवाडा बांधून दिला, आणि मामांना त्यांच्या कौलांची डागडुजी स्वतःच करावी लागते.

"मामा," मी म्हटले, "खेरांनी पहिल्या खेपेला तर काहीच केलं नव्हतं."

"नाही केलं. बाबा म्हणायचे, बघा, म्हटलं नव्हतं? आपला माणूस आहे."

"मग दुसऱ्या खेपेला?"

मामा बोलले नाहीत. त्यांनी खळ्याकडे बोट केले.

दुसरी खेप १९४६ ची. युद्ध संपले होते, निवडणुका झाल्या होत्या. खेर पुन्हा पंतप्रधान झाले आणि १९५२ पर्यंत राहिले. त्या सहा वर्षांतली कामे मोजायला बसले तर पानभर यादी होईल. हरिजनांना देवळे उघडी करणारा १९४७ चा कायदा. १९४८ चा कूळकायदा. १९४९ साली पुणे विद्यापीठ. त्या विद्यापीठाला गव्हर्नरांचा गणेशखिंडीतला बंगला आणि भोवतीची शेकडो एकर जमीन खेरांच्याच सरकारने दिली. साहेबाच्या मेजवान्यांच्या घरात मराठी मुले पदव्या घेऊ लागली. माझी एम.ए.ची पदवी तिथलीच. तेवढ्यापुरता तरी मी खेरांचा ऋणी आहे आणि ते ऋण आजोळी बोलून दाखवायची माझी कधी छाती झाली नव्हती.

आणि १९४९ चाच खोती रद्द करणारा कायदा. तो १५ मे १९५० पासून अमलात आला. आंबेडकरांनी विधेयक मांडल्याला तेव्हा बारा वर्षे आणि आठ महिने झाले होते. खाते महसूलमंत्री मोरारजी देसाई यांचे असले, तरी मंत्रिमंडळ खेरांचे होते. मधला खोत गेला. कायम कुळे ठरावीक रक्कम सरकारात भरून जमिनीची कब्जेदार झाली आणि सारा सरळ सरकारात भरू लागली. खोताच्या स्वतःच्या कसणुकीतली जमीन खोताकडे राहिली.

"त्या दिवाळीला," मामा म्हणाले, "खळं सारवून ठेवलं होतं. आईनं सारवलं होतं, नेहमीसारखं. बाबा इथं, या खांबाला टेकून बसले होते. सकाळपासून. चार कुळं आली, त्यांचं वेगळं होतं काहीतरी. बाकी कुणी आलं नाही. मी नऊ वर्षांचा होतो. मला वाटलं उशीर झाला असेल. मी गडग्यावर चढून बघायचो, कोण येतंय का. संध्याकाळी बाबा म्हणाले, खाली उतर, कुणी येणार नाही. खेरानं घर बुडवलं."

एवढे बोलून मामा गप्प झाले. आमच्या घरातली ती म्हण अशी जन्मली होती. गडग्याच्या एका बाजूला 'दारात तरी जाऊन ये,' आणि दुसऱ्या बाजूला 'खेरानं घर बुडवलं.' एकाच माणसाविषयी, एकाच गोष्टीविषयी, अकरा हातांच्या अंतरावर.

मी म्हटले, "मामा, एक सांगू? आंबेडकरांच्या त्या विधेयकात खोतांना मोबदला द्यायची तरतूद होती."

"काय?"

"वाजवी मोबदला. हक्क गेल्याबद्दल. कुळांना जमिनीचा हक्क द्यायचा आणि खोतांना भरपाई द्यायची, असं दोन्ही त्यात होतं."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे आमचंही बघितलं होतं?"

"बघितलं होतं."

"बाबांना हे कुणी सांगितलं नाही," मामा म्हणाले. "बाबा जन्मभर म्हणायचे, ते लोक लुटायला निघाले होते."

*

खेरांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९५२ साली त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि ते मोरारजी देसाईंकडे गेले. खेर लंडनला भारताचे हायकमिशनर म्हणून दोन वर्षे राहिले. १९५४ साली पद्मविभूषण हा किताब प्रथमच दिला गेला, त्या पहिल्या मानकऱ्यांत सत्येंद्रनाथ बोस आणि नंदलाल बोस यांच्या बरोबरीने खेरांचे नाव आहे. पुढे देशाचा कारभार कोणत्या भाषेत चालावा हे ठरवण्यासाठी १९५५ साली जो राजभाषा आयोग नेमला, त्याचे अध्यक्षही तेच. पदे आली आणि गेली. पदांना चिकटून राहिलेला माणूस म्हणून त्यांचे नाव कुणी घेत नाही.

८ मार्च १९५७ रोजी ते वारले. त्यानंतर चोवीस दिवसांनी, १ एप्रिल १९५७ या दिवशी, कूळकायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे 'कसेल त्याची जमीन' झाली. त्या दिवसाला कृषक दिन म्हणतात. आमच्या खळ्यात १९५० नंतरही भात आणणारी जी चार कुळे उरली होती, त्यांचाही मार्ग त्या दिवसापासून मोकळा झाला. तो दिवस पाहायला खेर नव्हते. थोडक्यात चुकले.

मला त्या रात्री झोप लागेना. खेरांना देव करावे असे मला वाटत नाही. पहिल्या खेपेला त्यांच्या दारात वीस हजार माणसे आली आणि रिकाम्या हातांनी परत गेली, हे खरे आहे. ती माणसे आली नसती, ते विधेयक कुणी मांडलेच नसते, तर दुसरी खेपही तशीच गेली असती, हेही बहुधा खरे. पण एकदा 'थांबा' म्हटलेल्या प्रश्नाकडे माणूस पुन्हा वळतो, आणि आपल्याच वर्तुळातली, पेढे वाटणारी घरे दुखावतील हे दिसत असूनही आपल्या सरकारकडून तो प्रश्न सोडवून घेतो, हेही काही थोडे नव्हे. पुढाऱ्यांचे सोडा, आपण साधी माणसे तरी एकदा 'नाही' म्हटलेल्या गोष्टीकडे किती वेळा परत जातो?

*

सकाळी जाग आली ती मामांच्या आवाजाने. बाहेर येऊन पाहतो तो मामा काठी टेकीत खळ्यात उतरलेले, आणि गडग्यापलीकडे शेजारी हातात चहाचा पेला घेऊन अवघडून उभा.

"किती म्हणतोस? बारा फूट?"

"व्हय तात्या. बारा."

"बारा कशाला? आठ पुरे. बैलगाडी जाते आठात."

"बैलगाडी आता कुणाकडं हाय तात्या?"

"मग दहा घे."

शेजारी माझ्याकडे बघू लागला. मी आभाळाकडे बघू लागलो. असल्या वाटाघाटींत प्राध्यापकाने तोंड घालू नये, एवढे मला वीस वर्षांच्या नोकरीत कळले आहे.

मामांनी काठीने अंतर मोजले. गडग्याच्या एका चिऱ्यावर काठी टेकवली, मग दुसऱ्यावर. मग पलीकडच्या पडवीकडे पाहिले. तिथे म्हातारी बसली होती, सुपारी कातरायची थांबली होती.

"दहात ती दवाखान्याची गाडी वळेल का रे?" मामांनी मला विचारले.

"नाही वळायची."

"मग बारा घाल," मामा म्हणाले. शेजाऱ्याने पैशांचे काढताच त्यांनी काठी उचलली. "पैशाचं बोलू नकोस. माझ्या आईचं शेवटचं दुखणं तुझ्या आईनं काढलंय. चार महिने. त्याचा हिशेब आम्ही कुठं केलाय?"

मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या खोताच्या आवाजात: "तू आलायस ना सह्या घ्यायला? मग उभा काय राहिलास? कागद आण. आणि चिरे नीट काढायला सांग त्याला. फोडू नका म्हणावं. तेच चिरे वाटेच्या कडेला लावायचे आहेत."

दुपारी निघताना मी पुन्हा रत्नागिरीत थांबलो. गाडीला वेळ होता, म्हणून मांडवीच्या धक्क्यावर गेलो. एके काळी मुंबईची बोट या बंदरात लागे. १९३८ च्या त्या थंडीत शेजाऱ्याचा आजा इथूनच, पुतळी मोडून आणलेले पैसे कनवटीला लावून, पडावातून बोटीवर चढला असेल. मी तिथे बराच वेळ बसलो.

स्टेशनकडे जायला पुन्हा रिक्षा केली. रिक्षावाला दुसरा होता. मी त्याची परीक्षा घेतली नाही. पण वाटेत त्यानेच विचारले, "काय काय बघितलंत साहेब रत्नागिरीत?"

"दुसऱ्या बाळ गंगाधरांचं काम बघितलं," मी म्हटले.

"दुसरे कोण?"

स्टेशन यायला वीस मिनिटे होती. मी सुरुवातीपासून सांगू लागलो.